आजींच्या ट्रंकेतला कॅमेरा

आम्ही करमाळ्याहून बोलतोय. जुन्या वस्तूंच्या गोष्टींमध्ये आज कॅमेऱ्याची गोष्ट आहे. तुम्ही म्हणाल, कॅमेरा तर आता प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये आहे, त्यात जुनं काय? पण आम्ही बोलतोय तो रोल घालायचा कॅमेरा. बारा फोटो निघाले की रोल संपायचा, मग तो धुवायला टाकायचा, आणि आठ-पंधरा दिवसांनी कळायचं, फोटो आलेत की नुसताच काळोख आलाय.

झालं असं, की आमच्या गटाची महिन्याची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि गटातल्या सगळ्यात वयस्कर आजींनी पदराखालून एक काळा डबा काढला. म्हणाल्या, "पोरींनो, हे भंगारवाल्याला द्यायला काढलंय. तो वीस रुपये म्हणतोय. देऊ का?"

तो डबा म्हणजे आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता. सोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. त्यात कागदात गुंडाळलेल्या निगेटिव्ह. आजींचे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. दिवाळीला गावी येताना त्यांनी हा कॅमेरा आणला होता. आजींचं माहेर भीमेच्या काठावर. उजनी धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. आपल्या तालुक्यातल्या केत्तूर, पोमलवाडीकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. जुनं गाव सोडायचं म्हणून भावानं शेवटच्या दिवाळीत दोन रोल फोटो काढून ठेवले होते. कागदावरचे फोटो कधीच वाळवीनं खाल्ले. निगेटिव्ह मात्र राहिल्या.

आम्ही म्हणालो, "आजी, वीस रुपये गटातून घ्या, पण हे देऊ नका." आणि तिथून आमचा शोध सुरू झाला.

आधी ही निगेटिव्ह म्हणजे काय ते समजून घेऊ. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. उजेड लागला की त्या कणांत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्म अंधारात औषधाच्या पाण्यात घातली की जिथं उजेड लागला तिथली चांदी काळी पडते. मग हायपो नावाच्या दुसऱ्या औषधात उरलेले क्षार विरघळून जातात, आणि चित्र कायमचं होतं. मात्र उलटं. पांढरं पातळ काळं दिसतं, काळे केस पांढरे दिसतात. त्यावरून कागदावर छाप काढला की सुलटा फोटो मिळतो. म्हणजे प्रत्येक जुन्या काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये थोडी का होईना, खरी चांदी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

फोटोची विद्या १८३९ साली युरोपात जाहीर झाली. आपल्याकडे ती फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. तिच्यात इंग्रज साहेब होते, तसे आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही होते. पण हा सगळा मोठ्या लोकांचा खेळ. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढं भिंग, मधे कातडी किंवा कापडी भाता, आणि फिल्मऐवजी काचेच्या जड पट्ट्या.

बाईचा फोटो काढायचा तर आणखी अडचण. परक्या पुरुषासमोर बसायचं कसं? आपल्या शेजारचं परांडा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढणारीही बाईच होती, मिसेस केनी-लेव्हिक नावाची. अर्थात तिथं जाणाऱ्या बायका अमीर-उमरावांच्या घरच्या. शेतात खुरपणाऱ्या बाईचा फोटो काढायला कोण येतंय?

आता महाराष्ट्रातली गोष्ट. दादासाहेब फाळके यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्र्यंबकेश्वरचे. सिनेमा काढण्याआधी त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवला होता. कॅमेरा माणसातलं बळ ओढून घेतो, फोटो काढला की माणूस मरतो, अशी भीती तेव्हा लोकांच्या मनात होती. अशा काळात ते फोटोचा धंदा करत होते. पुढं १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा सिनेमाचा कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी म्हणून त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं. रोज थोडं थोडं, असं बरेच दिवस. पडद्यावर ते एका दमात उगवताना दिसलं.

पण आपल्याला सांगायचंय ते त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंबद्दल. तेव्हा सिनेमाची कोरी फिल्म कडेला भोकं न पाडताच यायची. ती भोकं नसतील तर फिल्म कॅमेऱ्यात पुढं सरकत नाही. उजेड लागला तर फिल्म वाया जाणार, म्हणून हे काम अंधारात करायचं. सरस्वतीबाई ते करायच्या. फिल्म धुण्याची औषधं कालवायच्या. उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, म्हणजे उजेड नटांच्या तोंडावर पडेल. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायच्या. आणि पैसा कमी पडला तेव्हा अंगावरचे दागिनेही त्यांनी काढून दिले. ३ मे १९१३ ला मुंबईत कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. सिनेमात काम करायला तेव्हा बाई मिळेना, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके नावाचे पुरुष. पडद्यावर बाई नव्हती, पण पडद्यामागं एका बाईचे हात होते. दादासाहेबांचं नाव शाळेच्या पुस्तकात आलं. सरस्वतीबाईंचं नाव आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलं होतं? आम्ही तर हा शोध घेईपर्यंत ऐकलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. भंगारात द्यायला निघालेल्या कॅमेऱ्याशी तिचा फार जवळचा संबंध आहे. बाबुराव मेस्त्री, म्हणजे बाबुराव पेंटर, आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे नाटकाचे पडदे रंगवणारे कारागीर. सुतारकाम, चित्रकला, मूर्तिकाम हातात मुरलेलं. दादासाहेबांचा सिनेमा बघून त्यांनाही वाटलं, आपण सिनेमा काढावा. परदेशातून कॅमेरा आणायला पैसे कुठले? त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारात सिनेमा दाखवायचं एक जुनं यंत्र विकत घेतलं. ते खोललं, चालतं कसं ते बघितलं, आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. मधेच, १९१६ साली, आनंदराव वारले. बाबुरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं १९१८ च्या सुमाराला कॅमेरा तयार झाला, तोही कोल्हापुरातच. त्यावर त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं 'सैरंध्री' काढला. तो १९२० साली पुण्यात लागला. त्यात बायकांची कामं बायकांनीच केली.

आणि भांडवल कुणी दिलं माहिती आहे? तानीबाई कागलकर या गायिकेनं. बँका, सावकार बाजूला राहिले आणि एका बाईनं आपल्या गाण्याच्या कमाईतला पैसा एका कारागिराच्या खटपटीवर लावला. आपण गटात अंतर्गत कर्ज देताना काय बघतो? माणूस मेहनती आहे का, काम पुरं करील का. तानीबाईंनीही तेच बघितलं असणार. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट ऐकून आमच्या गटातल्या बायका म्हणाल्या, "म्हणजे ती आपल्यातलीच की!"

तिसरं नाव होमाई व्यारावाला. जन्म १९१३ चा, नवसारीचा. पारशी घरातली मुलगी. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकली आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून फोटोग्राफी शिकली. पुढं त्यांच्याशीच लग्न झालं. सुरुवातीला होमाईंनी काढलेले फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावानं. बाईनं काढलाय म्हटल्यावर कोण विचारणार, म्हणून. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, खांद्याला जड कॅमेरा अडकवून, पुरुषांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी देश स्वतंत्र होतानाचे फोटो काढले. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणारी भारतातली पहिली बाई म्हणून आज त्यांना मान आहे. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. सरकारनं २०११ साली पद्मविभूषण दिलं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

मग कॅमेरा आपल्या गावापर्यंत आला तो कसा? आजींच्या हातातल्या डब्यासारख्या कॅमेऱ्यांमधून. आगफा क्लिक थ्री बडोद्याला तयार व्हायचा. साधा, हलका, फार बटणं नाहीत. ऊन असेल तर उन्हाची खूण, ढग असतील तर ढगाची. मागं एक लाल काचेची खिडकी, तिच्यात आकडा दिसायचा, कितवा फोटो आहे ते कळायला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. जुन्या अल्बममध्ये तुम्ही लहान चौकोनी फोटो बघितले असतील, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे. ते बहुतेक अशाच कॅमेऱ्यांतले. मुंबई-पुण्याला नोकरी करणारा भाऊ, दीर, मामा तो घेऊन यायचा आणि सगळी गल्ली जमायची.

तरीही बाईच्या वाट्याला फोटो कमीच. लग्न ठरवताना एक, लग्नात एक. आमचा गट सुरू झाला तेव्हा बँकेत खातं काढायला अध्यक्ष आणि सचिवांचे फोटो लागले. आमच्या अध्यक्षताई तेव्हा पन्नाशीच्या. स्टुडिओतून फोटो घेऊन बाहेर आल्या आणि पाकिटातून काढून पुन्हा पुन्हा बघत राहिल्या. म्हणाल्या, "एकटीचा असा हा माझा पहिलाच फोटो."

आता आमच्या कॅमेऱ्याकडे येऊ. आम्ही तो तालुक्याच्या गावी एका जुन्या फोटोवाल्या काकांकडे नेला. त्यांनी डार्करूमचं काम सोडून बरीच वर्षं झाली होती. कॅमेरा बघून मात्र त्यांचे डोळे चमकले. बटण दाबलं तर शटर अडकत होतं. त्यांनी पुढचे स्क्रू काढले, मऊ ब्रशनं आतली धूळ झाडली, स्प्रिंगवरचं वाळलेलं वंगण स्पिरिटच्या छोट्या बोळ्यानं अलगद पुसलं. भिंगाला आणि बाहेरच्या डब्याला स्पिरिट लागू दिलं नाही. पुन्हा बटण दाबलं. खट्! आजी म्हणाल्या, "हाच आवाज. दादाच्या हातात असाच यायचा."

काकांनी आम्हाला आणखी दोन गोष्टी शिकवल्या. जुना कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि भिंगावर बुरशी चढते. आणि भात्याचा कॅमेरा असेल तर अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावून बघावी. बाहेर ठिपक्यांसारखा उजेड दिसला तर तिथं भोक आहे. तेवढ्या भोकातून आलेला उजेडही फोटो खराब करतो.

रोल आजही मिळतो. पुण्याहून एका ताईच्या भाच्यानं दोन आणून दिले. स्वस्त नाहीत, म्हणून गटाच्या पैशाला हात न लावता सगळ्यांनी वर्गणी काढली. पहिल्या रोलची फजिती झाली. चार फोटो काढल्यावर आमच्यातल्या एका पोरीनं फोटो आलाय का बघू म्हणून मागचं झाकणच उघडलं! मोबाईलची सवय हो. उन्हात झाकण उघडलं, आख्खा रोल गेला. ती रडवेली झाली. आजी तिला म्हणाल्या, "रडू नको. पहिली भाकरी करपतीच."

दुसरा रोल नीट झाला. बारा फोटो, आणि बाराजणींनी एकेक काढला. घाई कुणी केली नाही, कारण प्रत्येकीला एकच बटण. एकीनं सासूचा काढला. एकीनं दुसरीला श्रीदेवीच्या माळावर कमलाभवानीच्या देवळासमोर उभं केलं. एकीनं शेळीचा काढला, कारण गटाच्या कर्जातून घेतलेली ती पहिली शेळी. रोल धुवायला काकांकडे रात्री बसलो. खिडकीला गोधडी लावली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं. फिल्म धुवायचं पाणी वीस अंशाच्या आसपास गार लागतं. आपल्याकडे मे महिन्यात नळाला गरम पाणी येतं. शेवटी माठातलं पाणी घेतलं. धुऊन झाल्यावर फिल्म कपड्याच्या चिमट्यानं दोरीला लावली. बारापैकी नऊ फोटो चांगले आले. सगळ्यात छान आलेला फोटो त्या झाकण उघडणाऱ्या पोरीनंच काढलेला.

आता ती चांदीची गोष्ट. भंगारवाला जुनी फिल्म का मागतो? चांदी काढायला. मूकपटाच्या काळात आपल्या देशात हजाराहून जास्त सिनेमे निघाले. आज त्यातले फार थोडे उरलेत. काही जळाले, काही सडले, आणि कितीतरी चांदीसाठी विकले गेले. कोल्हापूरच्या कॅमेऱ्यावर काढलेला तो 'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. पुण्याला १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर यांनी धडपड करून जुन्या फिल्म गोळा केल्या, म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चा थोडा तरी भाग आपल्याला दिसतो. कॅमेऱ्यांचंही तसंच. मुंबईचे छायाचित्रकार दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जुने कॅमेरे जमवले. त्यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनेस बुकात झाली. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू कुणीतरी उचलून जपल्या, म्हणून त्या राहिल्या. आपल्या घरातलं जपायला मात्र बाहेरचं कुणी येणार नाही.

आणि आजींच्या निगेटिव्ह? काकांनी त्या उजेडासमोर धरल्या आणि एकेक बघितली. काही डागाळल्या होत्या, पण बऱ्याच शाबूत होत्या. त्यांचे मोठे फोटो करून बैठकीत आणले. गावची वेस, देवळापुढचा पार, वाड्याचं दार. आज त्या सगळ्यावर उजनीचं पाणी आहे. एका फोटोत नदीवर धुणं धुणाऱ्या पाच बायका. आजींनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि एकीवर बोट ठेवलं. "ही माझी आई." आईचा फोटोच नाही, असं त्या इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आल्या होत्या. मग एकेकीवर बोट ठेवून नावं सांगत गेल्या. ही कुणाची सून, ही कुठल्या गावाला दिलेली, हिला गळा फार गोड होता. आम्ही लिहून घेत गेलो. चार नावं झाली. पाचव्या बाईनं तोंड वळवलंय, फक्त पदर आणि हात दिसतो. ती कोण, ते आजींनाही आठवेना.

आम्हाला तेव्हा जाणवलं, ही नावं सांगणारं आता एकच माणूस उरलंय. वर्षभर उशीर झाला असता तर चेहरे राहिले असते आणि नावं गेली असती. होमाईंचं नाव नवऱ्याच्या नावामागं राहिलं होतं, सरस्वतीबाईंचं काम दादासाहेबांच्या मागं राहिलं होतं. त्यांची नावं कुणीतरी मागं जाऊन शोधली, लिहिली. आपल्या आया-आज्यांची नावं शोधायला कोण येणार? ते काम आपलंच.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला एक जुना फोटो किंवा निगेटिव्ह घेऊन या. निगेटिव्ह कडेनंच धरा, मधे बोट लावू नका. पुसायला ओलं फडकं वापरू नका. एकेक निगेटिव्ह कोऱ्या कागदात गुंडाळा आणि पत्र्याखालच्या तापणाऱ्या माळ्यावर ठेवू नका. फोटोच्या मागं शिसपेन्सिलनं, जोर न देता नाव लिहा. बॉलपेननं नको, त्याचे वळ पुढं उमटतात. निगेटिव्हवर काय आहे ते लगेच बघायचं असेल तर एका मोबाईलचा पडदा कोरा पांढरा करून त्यावर ती धरा, दुसऱ्या मोबाईलनं फोटो काढा आणि रंग उलटे करा. घरातलं शाळेत जाणारं पोर ते दोन मिनिटांत करून देईल. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईशेजारी बसा आणि विचारा, ही कोण? ती कोण? सांगतील ते सगळं लिहून घ्या. नुसतं नाव नको, ती काय करायची तेही लिहा.

आणि भीमाकाठच्या जुन्या गावांतून उठून आलेल्या कुणी आजी हे ऐकत असतील, तर करमाळ्याला आमच्या गटाकडे जरूर या. तो धुण्याचा फोटो आम्ही जपून ठेवलाय. त्याच्यामागं चार नावं लिहिली आहेत, आणि पाचव्या नावासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.